गाडी जाते तिथं चढून कशाला?

मंचर, घोडेगाव, डिंभे धरण असं करत पुण्याहून भीमाशंकरला गाडी थेट देवळाच्या पायऱ्यांपर्यंत जाते. एसटीही जाते. तिथून नागफणीच्या कड्यावर बऱ्या पायांचा माणूस रमतगमत पोचतो. दुसरी वाट कर्जतच्या बाजूची. खांडस गावातून निघायचं, शिड्या, कातळ, जंगल ओलांडत जवळपास हजार मीटर चढायचं आणि त्याच कड्यावर यायचं. माझी थोरली बहीण पहिल्या वाटेची, बायको सुनंदा दुसऱ्या वाटेची. पावसाळा संपून कातळ वाळले तसा मी ताईला पुण्याहून गाडीनं घेऊन गेलो. सुनंदा शाळेतल्या मैत्रिणी आणि खांडसचा एक वाटाड्या यांच्याबरोबर खालून आली. भेट नागफणीवर ठरली होती.

ताईची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून झाली. सुनंदा कल्याणला भूगोल शिकवते. दोघींचं बोलणं जमेल तसं मांडतो आहे. मी मध्ये फारसा पडलो नाही. नणंद-भावजयीच्या मध्ये पडणाऱ्याचं काय होतं ते वाचकांना सांगायला नको.

ताई: ये, बस. आधी पाणी पी. कोपराला काय झालं?

सुनंदा: काही नाही, कारवीनं ओरबाडलं. तुम्ही कधी पोचलात?

ताई: दर्शन झालं, पोहे झाले, तुझ्या नवऱ्याला दम लागला म्हणून वाटेत दोनदा बसून झालं, तरी तुझ्याआधी तासभर. आता मला एवढंच सांग. तुला इथून जे दिसतंय त्यातलं मला काय कमी दिसतंय?

सुनंदा: कमी काहीच नाही. तो खालचा तुटका सुळका दिसतो ना, तो पदरगड. त्याच्या अल्याडची झाडीची सपाटी म्हणजे पदर. पलीकडे एकटा उभा आहे तो कोथळीगड, पेठचा किल्ला म्हणतात तो. उजवीकडे सिद्धगड, त्याच्या मागे गोरखगड आणि मच्छिंद्र. हवा स्वच्छ आहे म्हणून पार मागे माथेरानसुद्धा दिसतंय.

ताई: ही नावं मला फोनवर मिळाली असती.

सुनंदा: मिळाली असती. पण पदरगड आज सकाळपासून तीन वेळा बदलला. खांडसमधून तो डोक्यावर होता. शिड्या संपल्या तेव्हा शेजारी आला. आता पायाखाली आहे. हे डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे का, ते तेवढ्यात कळतं. लाव्हा काही एका दिवशी आला नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या काळात तो थांबून थांबून येत राहिला, थरावर थर बसत गेले. कठीण थराचा उभा कातळ झाला. मऊ थर झिजला, त्याचा उतार झाला, उतारावर माती साचली, मातीत जंगल आलं. म्हणून आधी शेतं, मग कारवीतला चढ, मग शिड्यांचा कातळ, मग पदराची सपाटी आणि मग पुन्हा जंगलातला छातीवरचा चढ. वाट सगळी त्या थरांनीच आखलेली आहे.

ताई: हे तू फळ्यावर काढून दाखवतेस. फळ्यावर समजतं तर गुडघे कशाला झिजवायचे?

सुनंदा: फळ्यावरचं मुलं पाठ करतात. आज दुसऱ्या शिडीच्या वरच्या टप्प्यावर हात घातला तिथं कातळाला वाटाण्याएवढी भोकं होती. काही रिकामी, काहींत पांढरे खडे भरलेले. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या त्या जागा. पुढं त्यातून पाणी झिरपत राहिलं आणि खनिजं साचली. थराचा माथा असा सच्छिद्र असतो, पोटाचा भाग घट्ट आणि गुळगुळीत. बोटांना पकड मिळते ती त्या भोकाभोकांच्या भागात. माझं सगळं वजन दोन मिनिटं त्या बुडबुड्यांवर होतं ताई. हे मी पाचवीच्या वर्गाला कसं काढून दाखवू?

ताईनं यावर थोडा वेळ काही म्हटलं नाही. सुनंदाची बोटं तिनं हातात घेऊन पाहिली. टोकं घासून पांढरी पडली होती आणि नखांत काळी माती होती. मग तिनं डॉक्टरी सुरू केली.

ताई: आणि त्या दोन मिनिटांत हात सुटला असता तर?

सुनंदा: वाटाड्यानं वरून दोर लावला होता.

ताई: तुला लावला होता. ती शिडी कशावर उभी आहे ते सांग.

सुनंदा: लोखंडी आहे, कातळाला टेकवून बांधलेली. गंजली आहे. एक पायरी हलते. तो आधी चढला, पाय आपटून बघितला, मग आम्हाला घेतलं.

ताई: मी आयुष्यभर पडलेली माणसं टेबलावर घेतली आहेत. मणक्याला मार असेल तर त्या माणसाला इंचभरही वाकवायचं नसतं. स्ट्रेचर आडवंच न्यावं लागतं. तुझ्या शिडीवरून ते आडवं कसं उतरवणार? चार माणसांना दोन पायरीएवढ्या जागेत उभं राहायलाही मिळणार नाही. दोरानं कड्यावरून सोडावं लागेल, म्हणजे तसं शिकलेली माणसं हवीत. ती खाली, लोणावळ्या-कर्जतला, आपापल्या कामावर असतात. शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं फोन आला की कामधंदा टाकून रात्री-अपरात्री डोंगरात शिरतात. कुणाकडून पैसा घेत नाहीत. हौस एकाची, जागरण दुसऱ्याचं. हा हिशेब तुमच्या चढाईच्या गप्पांत कधी येतो का?

सुनंदा: येत नाही, खरं आहे. म्हणून पावसाळ्यात मी शिडी घाटाला जात नाही. गणेश घाट आहे ना. लांब पडतो, पण शिड्या नाहीत, कातळटप्पे नाहीत. दोन्ही वाटा वर पदरावर येऊन मिळतात.

ताई: तू जात नाहीस. बाकीचे?

बाकीचे जातात. जुलै-ऑगस्टातल्या रविवारी सकाळी कर्जत स्टेशनाबाहेर सहाआसनीत कोंबून खांडसकडे निघालेली पोरं ज्यानं पाहिली आहेत त्याला ताईचा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. पावसात त्या शिड्यांच्या नाळेतून धबधब्याचं पाणी वाहतं, कातळावर शेवाळ धरतं, आणि शिडीखाली आपला नंबर लागायची वाट बघत माणसं ताटकळतात. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. भिजल्या कपड्यांत तासभर उभं राहिलेल्या माणसाचे पाय आपोआप लटपटायला लागतात, तेव्हा त्याची पाळी येते.

सुनंदा: पण ताई, धोका आहे म्हणून वाटच मोडीत काढायची का? किती जुनी वाट आहे ही. कोकण आणि देश यांना जोडणारा घाट. माल याच वाटांनी वर यायचा, वाट राखायला पदरगड, कोथळीगड बांधले. नाना फडणवीसांनी शिखर बांधलेल्या देवळाला कोकणातले लोक अजून खालून चढून येतात. महाशिवरात्रीला बघा.

ताई: जुनी वाट म्हणून डोळ्यांत पाणी आणू नकोस. डोक्यावर मिठाची गोण घेऊन चढणाऱ्याला तुझा सूर्योदय दिसत होता असं वाटतं तुला? १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली तिथून रेल्वे वर चढली. माल तिकडं गेला की नाही? एकाही हमालानं म्हटलं नाही की छे, शिडी घाटाची मजा काही और. इमारतीला लिफ्ट आली की जिना चढणारे दोनच, डॉक्टरनं सांगितलेले आणि लिफ्ट बंद पडलेले. तू तिसरा प्रकार आहेस, हौशी. हौसेला माझी ना नाही. पण तिला तपश्चर्या म्हणू नकोस.

मला हे पटलं. चढणाऱ्यांमध्ये एक सोवळेपणा असतोच. गाडीनं आलेल्याकडे ‘हे काय, असं पाहिलं’ अशा नजरेनं बघणारे मी कड्याकड्यावर पाहिले आहेत. सुनंदा त्यातली नाही. म्हणजे फारशी नाही.

सुनंदा: तपश्चर्या मी म्हटलंच नाही.

ताई: म्हटलं नाहीस, चेहऱ्यावर होतं. बरं, पदरावर चहा प्यायलीस ना?

सुनंदा: प्यायले. पदरवाडीत एक बाई देते. लिंबू सरबतही ठेवते.

ताई: तिला विचारलंस का, घाटवाट हवी की रस्ता हवा?

सुनंदा: विचारलं. हसली. साखर, चहा पावडर, बिस्किटं सगळं डोक्यावरून आणावं लागतं म्हणाली. कुणी आजारी पडलं तर झोळी करून खाली न्यायचं, त्यासाठी आधी चार खांदे गोळा करायचे. पावसात तर दोन दोन दिवस थांबावं लागतं. रस्ता आला तर पेढे वाटीन म्हणाली.

ताई: मग?

सुनंदा: मग काय. तिला रस्ता मिळाला पाहिजे. त्यात दुमत नाही. पण तिचा रस्ता म्हणजे एक जीप जाईल एवढा. असा रस्ता कुठं तेवढ्यावर थांबतो? पुढं वाहनतळ येतो, मग हॉटेलं, मग कड्याला कठडे, मग कुणीतरी रोपवेचं बोलतं. आणि डोंगर कापायचा म्हणजे काय ते तुम्ही येताना पाहिलंच असेल.

पाहिलं होतं. डिंभ्याच्या पुढं माळीणकडं जाणारा फाटा लागला तेव्हा गाडीत आम्ही दोघं गप्प झालो होतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा उतार सुटून आला आणि गाव झोपेतच गाडलं गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली.

ताई: माळीणमध्ये पाऊसही तसाच होता. सगळं खापर डोंगर कापणाऱ्या यंत्रांवर फोडता येणार नाही.

सुनंदा: नाहीच फोडत. पण उतार, माती आणि पाऊस माळीणला जे होते तेच इथं आहेत. कातळावर मातीचा पातळ थर, तो धरून ठेवलेली झाडं. पोकलेन लावायच्या आधी शंभरदा विचारावं एवढंच म्हणते. आणि आणखी एक. तुम्ही गाडीनं आलात तो रस्ता जंगलात कसा दिसला?

ताई: छान होता. वळणावळणाचा. दोन्ही बाजूंना झाडी.

सुनंदा: दोन्ही बाजूंना, आणि मध्ये आभाळ. पदरावरून वर येते ती वाट माणसाच्या खांद्याएवढी रुंद आहे. खाली दगडधोंडे, मुळं, ढोरांनी तुडवलेली माती, पण वर बघितलं तर हिरडा आणि जांभळीच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या. दोन-तीन ठिकाणी उन्हाचा ठिपका मिळाला, बाकी सगळी सावली. शेकरू जमिनीवर फारसं उतरतच नाही. त्याची ये-जा वरच्या वर, फांदीवरून फांदीवर. पाच-सहा मीटरची उडी ते मारतं, पण रस्ता रुंद करायला दोन्हीकडची झाडं गेली की उडी कमी पडते. म्हणजे जंगल तेच राहतं, पण त्याचे दोन तुकडे होतात. १९८५ साली इथं अभयारण्य झालं ते मुख्यतः या प्राण्यासाठी. पायवाटेखाली त्याचं काही बिघडत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे ताई. माणूस वर यावा, पण त्यासाठी डोंगराची जेवढी कमी जागा लागेल तेवढी लागावी.

ताई: आज दिसलं का शेकरू?

सुनंदा: नाही. घरटी दिसली. झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचे मोठे गोळे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं.

ताई: मला दिसलं.

सुनंदा: कुठं?

ताई: गाडी लावली तिथल्या झाडावर. तांबूस अंग, पिवळट पोट, आणि शेपूट हे एवढं. भावानं फोटोही काढला, पण त्यात नुसती शेपटीच आली.

सुनंदाचा चेहरा वाचकांनी कल्पनेनंच पाहावा. पहाटे अंधारात निघून, सगळं जंगल मान वर करकरून चाळत आलेल्या बाईला घरटी मिळाली आणि पोहे खाऊन आलेल्या ताईला शेकरू. देवळाच्या आसपासची शेकरं माणसांना सरावली आहेत हे खरं, पण त्या घटकेला हे सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

ताई: रागावू नकोस. तुझा रस्त्याचा मुद्दा मला समजला. पण माझ्या वाटेलाही अगदीच आंधळी ठरवू नकोस. मंचरला कांद्याच्या शेतात धूळ उडत होती. घोडेगाव गेलं, डिंभे गेलं, आणि हळूहळू भात दिसायला लागला. कापणी झालेली खाचरं, उडवी रचलेली. मग हिरड्याची झाडं, आणि इथं वर तर खोडांवर शेवाळ अजून ओलं आहे. दोन-अडीच तासांत पाऊस कसा वाढत गेला ते काचेतून बघत आले मी. हे तुला खांडसकडून दिसलं असतं?

सुनंदा: नसतं दिसलं. कोकणातून चढणाऱ्याला खालपासून वरपर्यंत सगळं ओलंच. पाऊस डोंगराच्या पाठीमागं कसा आटत जातो ते पूर्वेकडून येणाऱ्यालाच दिसतं. हे मी वर्गात सांगेन.

ताई: माझं नाव घेऊन सांग. आणि देवळाशेजारच्या कुंडातलं पाणी?

सुनंदा: ती भीमा. इथून निघते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून जाते, पुढं रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात. आपण बसलोय त्या कड्यावरून पश्चिमेला जे पाणी पडतं ते उल्हास नदीत जातं, वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात. या धारेवर थेंब हातभर इकडं पडला की तिकडं, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो.

ताई: आणि देवळातली घंटा? ती वसईचीच ना?

सुनंदा: हो, पोर्तुगीज घंटा. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथून आलेली.

ताई: म्हणजे पाणी इथून वसईला गेलं आणि घंटा वसईहून इथं आली. ती घंटा कुणी चढवली असेल गं वर? तुझ्यासारखी हौशी मंडळी तर नक्कीच नसणार.

यावर दोघीही हसल्या आणि माझ्या पिशवीतल्या दशम्या, चटणी बाहेर आली. खाताना वाद थोडा वेळ थांबला, पण संपला नाही. ताईला शिड्यांबद्दल काहीतरी करायचंच होतं. जुन्या काढून पक्क्या बसवा, दरवर्षी पावसाळ्याआधी तपासा, आणि नाही जमत तर घाट बंद करून टाका, हे तिचं म्हणणं. सुनंदाला भीती की पक्क्या शिड्या बसल्या की गर्दी दुप्पट होईल. ताई म्हणाली, गर्दी गंजलेल्या शिडीवरही होतेच आहे, फक्त ती मोडेल तेव्हा कळेल. सुनंदाकडे याला उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते असं उत्तर कुणाकडेच नाही.

उतरताना वाटाड्या आणि मैत्रिणी गणेश घाटानं गेल्या. ताईनं सुनंदाला गाडीत बसवलं. डिंभ्याच्या वळणापर्यंत ती मागच्या सीटवर झोपून गेली होती. ताईनं माझ्याकडं बघून भुवई उंचावली, पण बोलली काही नाही.

माझं मत विचाराल तर कड्यावर कुणी कसं यावं यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. ताईनं अर्धा सह्याद्री पाहिला, सुनंदानं उरलेला. पण वाटेबद्दल मी सुनंदाच्या बाजूचा आहे. पदरवाडीला गावापुरता रस्ता द्या. पदरापासून वरचा जंगलातला चढ मात्र खांद्याएवढाच राहू द्या. तिथं फरसबंदी नको, कठडा नको, दिव्यांची रांग नको. आणि शिड्यांबद्दल मी ताईच्या बाजूचा आहे. लोखंड कातळात ठोकलंच आहे तर त्याची देखभालही केली पाहिजे. ती होत नसेल तर ते काढून टाकावं, म्हणजे तिथं वाट आहे असा कुणाचा समज तरी होणार नाही.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी पाहा. जून ते सप्टेंबर शिडी घाटाचं नाव काढू नका. गणेश घाटसुद्धा निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी करूनच, कारण पावसाळ्यात अभयारण्यातल्या वाटा बंद ठेवल्या जातात. खांडसमधून वाटाड्या घ्या आणि त्याच्या पैशांत घासाघीस करू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या. चहा पदरवाडीत प्या, तिथं सुट्टे पैसे द्या. दुपारी दोनला नागफणीवर नसाल तर पुढं जाऊ नका, आणि उतरायचं असेल तर गणेश घाटानंच उतरा. नाहीतर भीमाशंकरहून एसटी आहेच.